पुढच्या निवाऱ्याला पाणी आहे म्हणे

...आणि वर त्याला म्हणायचं काय, तर निवारा! अहो, निवारा म्हटल्यावर माणसाला काय वाटतं? चार भिंती असतील, दार असेल, दाराला निदान कडी असेल... तीन भिंती! तुम्हाला सांगते, मोजून तीन! चौथी बांधतच नाहीत म्हणे डोंगरात, का, तर पडल्या पडल्या दरी दिसावी! आता मला सांगा, झोपताना दरी कशाला बघायची? वर पत्रा, पत्र्याला भोक, भोकाखाली आधीच्या कुणी पुण्यवान माणसाने ठेवलेला डबा, आणि त्या डब्यालाही भोक! फळ्यांचा एक लांबलचक ओटा, त्यावर ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांनी फडताळातल्या बरण्यांसारखं ओळीने पडायचं. छपरापासून दोऱ्या लोंबत होत्या, मी आपली म्हटलं, वा, कपडे वाळत घालायची सोय बरी केलीय! तर शेजारचा एक दाढीवाला म्हणतो (असा खर्जात बोलायचा तो), "नाही हो काकू, त्या पिशव्या टांगायला. खाली ठेवल्या तर उंदीर खातात." म्हटलं, "आणि आपण खाली झोपलो तर?" तर दाढी खाजवून म्हणतो, "माणसांना नाही खात... सहसा."

सहसा! सहसा म्हणाला हो! दुसरी कुणी असती तर किंचाळत दरीत गेली असती. आणि मला? मला काही वाटलं नाही.

तुम्ही म्हणाल, बाई धीराची आहे. धीर कसला डोंबलाचा! दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, आहे आपलाच, पण हात लावला की दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो? तसं झालं होतं माझं. सगळ्या अंगभर.

त्याचं असं झालं, की एका रविवारी आम्ही चादरींच्या घड्या घालत होतो. मी या टोकाला, हे त्या टोकाला. जवळ आलो, टोकं जुळवली, आणि हे म्हणाले, "मला वाटतं, आपण आता वेगळं राहावं." मी म्हटलं, "टोक नीट धरा." मग आम्ही उशीचे अभ्रे घेतले. अभ्रे संपल्यावर मी म्हटलं, "ठीक आहे." झालं! भांडण नाही, तंटा नाही, बाहेरची बाई नाही, बाहेरचा बुवा नाही... अहो, आतलेच दोघं धड नव्हतो, तर बाहेरचं कोण येणार? दिवसभर दुकानात मी लोकांना चष्म्याच्या काचा लावून विचारत असते, "आता स्पष्ट दिसतंय? आणि आता?" आणि घरी समोर बसलेला माणूस स्पष्ट दिसतोय की धूसर, हे मी मला कधी विचारलंच नाही.

बरं, वेगळं व्हायचं ठरल्यावर यांना 'हे' म्हणायचं की 'ते', हाही एक प्रश्नच! पण जिभेला सवय, तर 'हे'च चालू ठेवते, तुम्ही समजून घ्या.

आता लेकीला कोण सांगणार? हे म्हणाले, "तू सांग, तुझ्याशी ती मोकळं बोलते." मी म्हटलं, "तुम्ही सांगा, कल्पना तुमची आहे." असं 'तू सांग, तुम्ही सांगा' चाललेलं असताना लेकीचाच फोन! "आईऽऽ, सरप्राइज! तुमच्या दोघांचं बुकिंग केलंय! डोंगरातली पायवाट, मुक्कामाला निवारे, फक्त तू आणि बाबा! बाबा रिटायर झाल्यापासून कुठे गेलाच नाहीत तुम्ही. जरा एकमेकांना वेळ द्या!" अगं माझे आई, वेळच वेळ आहे आमच्याकडे, वेळ घेऊन बसलोय आम्ही समोरासमोर! पण नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागणार, आणि ते सांगायचं कुणी हे ठरलेलं नाही... म्हणून निघालो. म्हणजे बघा, वेगळं होतोय हे सांगायला नको, म्हणून आम्ही एकत्र सहलीला गेलो! मला काही वाटलं नाही.

आता यांचं ऐका. हे शहराच्या पाणीपुरवठ्यात इंजिनियर होते. अख्ख्या शहराला पाणी पाजलेला माणूस! आणि स्वतः? उकळलेलं, गाळलेलं, गार केलेलं, झाकलेलं. लोकांच्या घरी गेले की पेला उजेडात धरून बघतात, यजमानांना वाटतं आत पाल दिसली! तर पहिल्या निवाऱ्यावर पाटी होती, 'पाणी', आणि बाण. बाण खाली. उतरलो खाली, गुडघे बोलायला लागले, तरी बाण खालीच. शेवटी खडकातून आलेली एक नळी, आणि नळीच्या तोंडाशी एक थेंब. थेंब विचार करत होता. पडू की नको... पडू की नको... हे बाटली धरून उभे, मी झाकण धरून उभी. मग वर येऊन फडक्यातून गाळा, मग उकळा, मग त्यात क्लोरीनची गोळी टाका. त्याचा चहा म्हणजे पोहण्याच्या तलावात कुणीतरी चहाची पिशवी विसरलंय! दाढीवाला म्हणाला, "पुढच्या निवाऱ्याला पाणी आहे. भरपूर."

होतं ना. पुढच्याला टाकंच होतं. त्यात बेडकाची पोरं, शाळा सुटल्यासारखी! आणि तिथेच भेटला तो नवा जोडा. माणसांचा म्हणतेय हं, पायातला नव्हे. तो माझाही नवाच होता आणि चावत होता. लग्न होऊन चार महिनेसुद्धा झाले नसावेत, एकाच कानटोपीत दोन डोकी घालायची बाकी! आम्ही आपले पाणी भरत होतो. मी फडकं धरलं, यांनी ओतलं, यांनी हात पुढे केला, मी झाकण दिलं, मी मान वळवली, यांनी काडेपेटी दिली. शब्द नाही. आणि ती मुलगी हात गालावर ठेवून म्हणते, "अय्या, काका-काकू, किती गोऽऽड! एक शब्द न बोलता सगळं कळतं तुम्हाला एकमेकांचं!" तिचा नवरा म्हणतो, "काका, रहस्य सांगा ना काहीतरी, संसाराचं!" यांनी थोडा विचार केला, आणि गंभीरपणे म्हणाले, "झाकण घट्ट लावायचं."

ती दोघं हे वाक्य बोलत बोलत झोपायला गेली! 'झाकण घट्ट लावायचं... काय खोल आहे ना!' मला हसू यायला हवं होतं. यांनाही. पण नाही... काही वाटलं नाही. शौचालय म्हणाल तर झाडीत एक लाकडी खोका, त्याला दार नाही आणि तोंड पायवाटेकडे. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी "नमस्कार काकू" म्हटलं, मी बसल्या बसल्या "नमस्कार" म्हटलं. इतकं काही वाटत नव्हतं!

तिसऱ्या निवाऱ्याला बारमाही झरा आहे, असं वाटेत भेटलेला प्रत्येक जण सांगत होता. "आहे ना, बारमाही!" म्हणून आम्ही बाटल्या अर्ध्याच भरल्या, वजन कोण वाहणार? पोचलो. भिंती तीनच, पत्रा गायब, पाटी ठणठणीत. 'पाणी', बाण. बाणापाशी दगड, वाळकी पानं, आणि एक खेकडा, तोही निघायच्या तयारीत! बारमाही! मग बारापैकी आता हा कितवा महिना म्हणायचा?

आणि निवाऱ्यात काय? तो नवा जोडा, दोन कोपऱ्यांत दोन! काय, तर नवऱ्याने दोघांमधलं राहिलेलं पाणी पाय धुवायला घेतलं! पाय हो! "झरा आहे म्हणाले ना सगळे," असं तो, आणि ती, "तुला माझी काही पडलेलीच नाही! मला घरी जायचंय! आत्ताच्या आत्ता!" आणि रडते... अहो, काय रडते! त्या सगळ्या डोंगरात तेवढंच एक वाहतं पाणी होतं. मग आमच्याकडे वळून, "काकू, तुम्हीच सांगा याला! काका, तुम्ही तरी सांगा!" म्हणजे संसार सांभाळून घ्यायला सांगायचं कुणी? आम्ही! यांनी माझ्याकडे बघितलं, मी यांच्याकडे बघितलं, आणि हे म्हणाले, "मी पाणी बघून येतो." पळाले! तिच्या नवऱ्यालाही सोबत नेला.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. आणि तुम्हाला खरं सांगते, मला हेवा वाटला. एका माणसाचा इतका राग येणं, त्याने पाय धुतले म्हणून जग बुडाल्यासारखं रडणं... मला आठवेना, मी यांच्यावर शेवटची कधी ओरडले. मी आठवत बसले, सूर्य कलला, थंडी वाजायला लागली, आणि हे दोघे येईनात. ती मुलगी रडायची थांबून नुसती वाटेकडे बघायला लागली. म्हणाली, "काकू, ओठ सुकलेत तुमचे, बाटलीत पाणी आहे की, प्या ना." मी म्हटलं, "असू दे. हे आल्यावर." ती म्हणाली, "काही झालं तर नसेल ना?" मी "नाही गं" म्हटलं, आणि बाटली इतकी घट्ट धरली होती की बोटं उघडेनात.

अंधार पडता पडता आले. चिखलाने माखलेले, हे एका पायाने लंगडत, पण हातात बाटल्या भरलेल्या, गढूळ का होईना! खाली कुठेतरी शेवाळाखाली झिरपा सापडला होता. मी बाटली पुढे केली, "घ्या, तुमच्यासाठी घोटभर ठेवलंय." तर म्हणाले, "नको, मी तिथेच प्यायलो. पोटभर."

"तिथेच? न गाळता?"

"तहान लागली होती."

आणि तुम्हाला सांगते, मला काय झालं कुणास ठाऊक, मी ओरडले! "मी इथे घशाला कोरड पाडून घोटभर पाणी राखून बसलेय, आणि तुम्ही पोटभर?" हे म्हणाले, "मी कुठे म्हटलं होतं, राख म्हणून?" मी म्हटलं, "तुम्ही कधी काही म्हणता का हो?" तर हा माणूस, ज्याचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही, तो त्या दरीत ओरडला, "म्हटलं ना! चादर धरून म्हटलं! एवढं वेगळं व्हायचं म्हटलं, तर तू म्हणालीस टोक नीट धरा! 'का' असं एका शब्दाने विचारलं नाहीस!" मी म्हटलं, "विचारायला हवं होतं?" हे म्हणाले, "मग काय! मी आठवडाभर वाट बघत होतो!"

दरीतून आवाज परत आला, '...होतो ...होतो'. नव्या जोड्याची तोंडं ही एवढी उघडी! मुलीने घाबरून नवऱ्याचा हात धरला होता. त्यांचं भांडण मिटलं, आमच्या धास्तीने मिटलं! मी यांच्या डोळ्यांदेखत ते राखलेलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं. एक थेंब ठेवला नाही. गोळीचा वास होता, पण काय गार लागलं म्हणून सांगू...

दुसऱ्या दिवशी उतरलो. बोललो नाही, पण हे न बोलणं निराळं होतं, दोन्ही बाजूंनी चांगलं फुगलेलं! घरी आलो, आणि यांच्या पोटाने झिरप्याचा हिशेब मांडला. काय सांगू! डॉक्टर झाले, सलाईन झालं, यांचा चेहरा असा पेरूसारखा हिरवा, आणि मी दर तासाला पाणी उकळतेय. लेक धावत आली. बापाच्या उशाशी बसली. आणि यांना नेमका त्याच वेळी धीर आला! मला वाटलं होतं, या गडबडीत तो विषय मागे पडला. तर क्षीण आवाजात म्हणतात, "बेटा, तुला एक सांगायचंय. तुझी आई आणि मी... वेगळं राहायचं म्हणतोय."

लेकीने बापाकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर हात ठेवला. आणि माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाली, "आई, ताप चढलाय गं बाबांना. काहीही बरळतायत."

हे माझ्याकडे बघत होते. 'तू सांग' म्हणून. मी पुढे झाले, यांच्या कपाळाला हात लावला. गार होतं हो, अगदी नेहमीसारखं गार.

म्हटलं, "हो गं. चढलाय थोडा."