एकोणतीस पावसाळ्यांचं माळवद

न्हाई, ते पावतीबुक पिशवीतच राहू द्या, सत्यशीलाबाई. पावती फाडली का पैसे द्यावे लागतात, आन मी देनार न्हाई. बसा. शाळेच्या मोठ्या बाईला आश्रुबानं दारात उभं ठेवलं म्हनून गावात बोभाटा नको. च्या होनार न्हाई — आमची छबुबाई गेल्यापसून चूल मी जेवनापुरतीच पेटवतो — माठात पानी हाय, घ्या. तर काय म्हनत होतो — हां, तुमची कमिटी. निजामाच्या काळातली दगडी शाळा वाचवायची म्हनं. वाचवा की. मी कुनाचा हात धरलाय? पर वाचवनारी मानसं तरी बघा जरा. अमरसिंह अध्यक्ष. का, तर त्याच्या आज्यानं शाळेला जागा दिलती. देनारा आजा, बसनारा नातू. स्टँडवर त्यानं फलक लावलाय, बघितला असंल तुमी. त्याच्यावर अमरसिंहाचं तोंड केवढं, संगं फिरनाऱ्या बारा जनांची तोंडं केवढी, आन शाळा कुठंय? शाळा खाली कोपऱ्यात, फोन नंबरच्या वर, काडेपेटीएवढी. मला आधी वाटलं, काडेपेटीचीच जाहिरात हाय.

आन ते भाषन. 'ह्या शाळेनं मला घडवलं' म्हनला आन रुमाल काढला. लई चांगला रुमाल होता, इस्त्रीचा. घडवलं असंल बाबा, आमी कुठं न्हाई म्हनतो — मग नात त्याची, ती संस्कृती, पिवळ्या गाडीत बसून रोज पाटोद्याच्या इंग्रजी शाळंत कशाला जाती? गाडी तवा शाळेच्या दारातच उभी होती. फोटोत येती म्हनून ड्रायव्हरला मागं घ्यायला लावली. मी पारावर बसून बघत होतो. मला दुसरं काय काम असतंय. मग जेवन. देनगी गोळा करायची म्हनून गावजेवन घातलं, जिलेबीचं. जिलेबी खाऊन लोकं घरी गेले. आचाऱ्याला द्यायला देनगीतलेच पैसे काढावे लागले म्हनतात. खरंय का? — राहू द्या, तुमी नोकरीतलं मानूस, तुमी बोलू नका. तुमचं तोंड बघूनच कळलं.

आन तो पुन्यातला जीवन. कंपनीत लई मोठा हाय म्हनं. त्यानं फोनवर सगळ्या जुन्या पोरांचा ग्रुप काढलाय, माझ्या पोराच्या, परमेश्वरच्या फोनवर येतंय सगळं, तो मला वाचून दाखवतो. चार दिवस नुसतं रंगावर भांडले. दगडाला रंग. मग जीवन म्हनतो, दारात फोटो काढायला एक कमान पायजे, पाठीमागं पंख काढलेले — मानसानं मधी उभं राहायचं म्हंजे पंख त्याला फुटल्यासारखे दिसतात. पंख. पोरं बसायला खोल्या न्हाईत आन ह्याला पंख पायजेत. दीडशे मानसं त्या ग्रुपात, बाई, आन एकानं तरी इचारलं का, वर छपराला काय टाकनार? एकानं न्हाई. मी परमेश्वरला दोनदा वाचायला लावलं.

मी कोन इचारनार म्हना. मी दुसरी शिकलो, ती बी अर्धी. तुमच्या जुन्या पोरांच्या यादीत माझं नाव बसत न्हाई. सही तेवढी येती, आन त्या एका सहीवर मी बावीस वरसं मुकादमी केली — वीस-वीस कोयते घेऊन गेलो कर्नाटकात ऊस तोडायला; त्याआधी सोताच तोडायचो. एक नवरा-बायको म्हंजे एक कोयता, हे तुमाला काय सांगायचं, तुमचा बाप शहादेव आन तुमची माय माझ्याच टोळीत होते. शहादेवासारखा मोळी बांधनारा पुन्ना झाला न्हाई. पर उन्हाळ्यात टोळी गावात आली का पयलं काम कोनचं? घर न्हाई, शेत न्हाई. शाळेचं माळवद, वरचं मातीचं छप्पर. मृगाच्या आधी वरची जुनी माती खरवडायची, पांढऱ्या मातीच्या खानीतून नवी आनायची, भिजवायची, खाली मीठ पेरायचं म्हंजे गवत उगवत न्हाई, वाळवी लागत न्हाई, मग इतभर थर, मग धुम्मस घेऊन ठोकायचं — आवाज बदलेपर्यंत. आधी भद्द वाजतंय. मग घट्ट झालं का टन्न. तवर थांबायचं न्हाई. उतार पन्हळाकडं, बोटभर. जास्ती झाला का माती वाहती, कमी झाला का पानी बसतंय. हे कोन्या पुस्तकात हाय? मजुरी घेतली का आमी कधी? इचारा कुनालाबी. पोरं आमची शिकत होती तिथं दिवाळीपस्तोर, म्हनून. दिवाळी झाली का उसाच्या फडात. अर्धी शाळा तर अर्धी, पर कोरडी.

वर काय बघताय? पाल असंल. काई न्हाई वर. पानी घ्या.

काय म्हनालात? — न्हाई, परत सांगा, मी मधी बोललो. — पैशासाठी आलाच न्हाई? मग हे बुक कशाला घेऊन फिरता गावभर? — बरं. बरं. — म्हंजे ते संभाजीनगरचे इंजिनेर म्हनतात का शाळंला पत्रे नको, स्लॅब नको, पयल्यासारखं मातीचंच माळवद पायजे? शहाना मानूस दिसतोय. आन ते करनारं कुनी सापडंना. कसं सापडंल? माझ्याबरुबरचा उत्तरेश्वर होता, तो गेला. मीच राहिलो. म्हंजे म्हातारा आठवला तो ह्याच्यासाठी. उभं राहून सांगायचं, आन मातीची पयली पाटी मी टाकायची, फेटा बांधून, अमरसिंहाच्या आधी. अमरसिंह तयार झाला? त्याला काय चावलं? — तुमी भांडला. तुमी भांडला माझ्यासाठी त्या कमिटीत. कुनी सांगितलं होतं तुमाला?

आन हे काय काढलं आता? दगडावर कोरायचा मजकूर. माझा चष्मा फुटलाय, तुमीच वाचा. 'तीस वर्षे या शाळेचे छप्पर विनामोबदला राखणारे' — पुढं माझं नाव. देनगीवाल्यांच्या वर. हं. — परत वाचा. — तीस न्हाई. एकोनतीस. — अहो एकोनतीस लिवा म्हनतो ना. काय फरक पडतो म्हनता? तुमी पोरांना गनित शिकवता का दुसरं काई? तीस आन एकोनतीसच्या मधी एक पावसाळा असतोय, बाई. माळवदाला पडायला तेवढाच लागतोय.

त्या साली ऊस लई होता. मे सरत आला तरी कारखाना बंद होईना. आमी गावात आलो तवा मृगाला आठ दिवस. मानसं अशी थकलेली का बसल्या जागी झोपायची. गावानं शाळेसाठी पांढरी माती खनून ठेवलेली, दोन ट्रॉल्या. आन माझं हे घर तवाच नवं झालतं — मागचा सोपा तेवढा — वर नुसती लाकडं आन किलच्या, माती पडायची होती. छबुबाई म्हनली, सा महिने फाटक्या कोपीत काढले, औंदा तरी आपल्या छपराखाली झोपू. चुकीचं काय म्हनली ती? मी म्हनलं, एक दिवस आपलं करू, उद्या शाळेचं. ट्रॉल्या हिकडं वळवल्या. त्या दिवशी आमच्या माळवदाचा आवाज काय आला म्हनून सांगू, टन्न, देवळातल्या घंटेसारखा. आन दुसऱ्या दिवशी पाऊस. आठ दिवस उघडला न्हाई. मग पेरन्या आल्या. मग हेडमास्तर भेटले पारावर, म्हनले, आश्रुबा, माती झाली का शाळंची? मी म्हनलं, झाली. एवढंच. वर चढून बघनार कोन? माझ्या शब्दाला इमान होतं ना गावात.

पोळ्याला तिसरीची खोली बसली. मी बैलांना झुली घालत होतो. लई मोठा आवाज झाला न्हाई, पोतं टाकल्यावानी झाला. सुट्टी होती. कुनी मेलं न्हाई. कुनी मेलं न्हाई, हे मी मला किती येळा सांगितलं असंल त्याचा हिशोब न्हाई. मग साहेब आले, पंचनामा झाला, इमारत निजामाच्या काळातली, जुनी, म्हनून पडली. सगळ्यांनी निजामावर टाकलं. निजाम बिचारा काय येतोय उत्तर द्यायला? पंच म्हनून खाली माझी सही. सांगितलं ना, सही येती मला.

मग लाकडाचा लिलाव. पडक्या शाळंचं लाकूड घराला लाभत न्हाई म्हनून कुनी बोली लावंना. मी लावली. लोक म्हनले, मुकादम धीट हाय. धीट. ही पुढची बैठक त्याच सागवानाची, तुमी बसलाय तिथं. बघा आता खुशाल वर. सात तुळया. एकेकीच्या तोंडावर सुतारानं उर्दूत आकडे खोदलेले, कोनची कुठं बसवायची ते कळावं म्हनून. ते मी मातीनं लिंपून टाकले. परमेश्वर दर साली म्हनतो, आबा, हे पाडू, स्लॅब टाकू. मी न्हाई म्हनतो. लोक म्हनतात म्हाताऱ्याचं जुन्यावर लई प्रेम. हाय ना. लई प्रेम हाय.

ती खोली पुन्ना झालीच न्हाई. मग दुसऱ्या खोल्यांवर पत्रे आले, उन्हात पोरं भाजायला लागली, मग पिवळ्या गाड्या आल्या. मी त्याच्या पुढं बी पत्रे येईस्तोवर दर साली माती टाकत राहिलो. लोकांना वाटलं सेवा. तुमी तिसरीतच होता त्या साली. मला काय ठावं न्हाई वाटलं? वर्ग लिंबाखाली भरायचा. दिवाळीला शहादेव आला माझ्याकडं, म्हनला, मुकादम, औंदा पोरीला मामापाशी ठेवनार होतो शाळंसाठी, पर वर्गच राहिला न्हाई तर ठेवून काय करू, संगं आनतो. आन मी काय म्हनलं? मी म्हनलं, आन, उसाचं वाढं बांधायला तेवढाच एक हात. दोन साल होता तुमी फडात. पाचटानं कापलेल्याचे वन असतील अजून हातावर. — न्हाई. दाखवू नका. मी मागितलं का?

आन 'जाऊ द्या, आबा' म्हनू नका. जाऊ द्यायला ते तुमच्या एकटीचं न्हाई, पोरी. तिसरीच्या वर्गात अडतीस पोरं होती, आन त्यातली शिकून बाई झाली ती तुमी एकली. बाकीचे कुठं हायेत मला इचारू नका, मीच नेले ते. ह्या सात तुळया उतरवून शाळंला न्यायला सुतार पाठवा सकाळी. आकड्यावरची माती काढली का त्याला कळंल कोनची तुळई कुठं जाती. परमेश्वरला मी सांगतो. माती कशी भिजवायची, मीठ किती, आवाज कवा बदलतो, सगळं उभं राहून सांगतो, पर पाटी मी टाकनार न्हाई, आन दगडावर नाव नको. ना तीस, ना एकोनतीस. अमरसिंह इचारल, सागवान कुठून आलं — त्याला खरं सांगा. त्याला फलक लावायची हौस हाय, लावू द्या. ह्या येळी माझं तोंड मोठं काढा म्हना.

उठा आता. लई बोललो. ही बाज तेवढी अंगनात काढायला हात लावा, सुतार येनार तर हिथं खाली काई नको. त्या बाजूनं धरा, तिकडचा पाय हलतोय. — हां. टेकवा. — आता जा.