दांड्याचं माप

(उज्जैन, नानाखेड्यातलं एक घर. मागचं अंगण, हिवाळ्यातली सकाळ. आई आणि मुलगी भार्गवी.)

आई : आणि या बाटलीतला सिरका कुठे गेला? परवाच भरली होती.

भार्गवी : कुऱ्हाडीला लागला. पातं त्यात बुडवून ठेवलं की गंज सुटतो.

आई : म्हणजे मुळ्याचं लोणचं राहिलं आणि कुऱ्हाडीचं घातलंस.

भार्गवी : पण पातं बघ ना. बाबा गेल्यापासून कोपऱ्यात पडून काळं झालं होतं. आता चेहरा दिसतो त्यात.

आई : माझा नको दाखवूस. दांडा कुठाय?

भार्गवी : हा बघ, बाभळीचा. बाबांचा तुटका दांडा कागदात गुंडाळून देवास गेटला घेऊन गेले. सुताराने शेजारी ठेवून अगदी तेवढाच केला. आता फक्त पात्यात बसवायचा.

आई : वीतभर कापावा लागेल.

भार्गवी : कापायचा? का?

आई : लांब आहे.

भार्गवी : अगं, बाबांचा होता तेवढाच आहे.

आई : तेच म्हणतेय मी. मला लांब आहे.

भार्गवी : तुला कशाला लागणार आहे? मी हॉलमध्ये लावणार होते, त्यांच्या फोटोखाली. दोन खिळ्यांवर आडवी.

आई : फोटोखाली कुऱ्हाड? बँकेतून रिटायर झालेला माणूस गं तो. येणारा-जाणारा म्हणेल, साहेबांनी कोणाची मुंडकी उडवली.

भार्गवी : आई!

आई : हसलीस ना? मग ठीक. आता इकडे बघ. हे ओंडके कोणी आणवले?

भार्गवी : बाबांनी.

आई : बंबासाठी. सगळे तसेच पडलेत. खालच्यांना दीमक लागायला सुरुवात झालीय.

भार्गवी : माणूस लावू फोडायला. आणि बंब हवाच कशाला? गीझर बसवून दिलाय ना मी.

आई : आहे की. चांगला आहे. धुणं-भांडी त्याच्यावरच होतात.

दुबेजी : (भिंतीपलीकडून) भाभीजी, राम राम! बिटिया आई है, तभी आज रौनक है. एक बात बताओ, सुबह-सुबह लाठी लेकर किसको मार रही थीं?

आई : किसी को नहीं, दुबेजी. ज़रा हाथ खोल रही थी.

दुबेजी : लकड़ी फाड़नी हो तो मैं मार देता हूँ दो हाथ.

आई : रहने दो. अभी-अभी आपकी कमर ठीक हुई है. भाभी मुझे नहीं छोड़ेंगी.

दुबेजी : वो तो है. चलो, चाय ठंडी हो रही है मेरी.

भार्गवी : लाठी? आई, तू हा दांडा फिरवत होतीस?

आई : तू दूध आणायला गेलीस तेव्हा. नुसताच. खांद्यावरून नेला की मागे जाऊन कमरेवर आपटतो. ताबाच राहत नाही.

भार्गवी : बाबा तुला कधी हात लावू द्यायचे नाहीत.

आई : नाही द्यायचे. म्हणून मी पंचेचाळीस वर्षं पाणी तापायची वाट बघत बसले.

भार्गवी : आणि पायावर बसली म्हणजे? मी तिकडे पुण्यात, तू इथे एकटी. कोण उचलणार तुला?

आई : लांब दांड्याने बसेल. माझ्या मापाचा करून दे, नाही बसणार. सबंध ओंडके माझ्याने होणार नाहीत, ते मला कळतं. त्याला माणूस लाव. मी बारक्या फांद्या करीन.

भार्गवी : आई, ते माप त्यांचं आहे.

आई : अगं, पण…

भार्गवी : ऐक ना. कपडे वाटून झाले. चष्मा काकांच्या अनयदादाने नेला. सुताराने जुना दांडा हातात धरून विचारलं, "साहब बहुत लंबे हैं क्या?" मी म्हटलं, "हाँ, लंबे हैं." सबंध रस्ताभर मला बरं वाटत होतं.

आई : (दांडा भिंतीला टेकवून तिच्याजवळ येऊन बसते.)

भार्गवी : वेडेपणा आहे, माहितेय मला.

आई : वेडेपणा कसला. मी अजून दोन वाट्यांचा भात लावते. सकाळी उरलेला फोडणीला टाकते आणि खाते.

भार्गवी : मला सांगितलं नाहीस कधी.

आई : फोनवर काय सांगायचं, भात उरला म्हणून? हे बघ, तुला भिंतीवर लावायची असेल तर लाव. तुझे वडील आहेत. मी दुसरी आणीन फ्रीगंजमधून. पण मला सकाळी अंगणात काही काम हवंय, भार्गवी. ते इथे लाकडं फोडायचे तेव्हा मी स्वयंपाकघरातून आवाज ऐकायचे. आता नुसती बसून असते.

भार्गवी : (पाठ फिरवून दांडा उचलते.)

आई : रडतेस?

भार्गवी : नाही. उभी राहा.

आई : कशाला?

भार्गवी : ताठ उभी राहा. हात सोड खाली. दांडा तळव्यापासून काखेपर्यंत यायला हवा, सुतार म्हणत होता. तू किती बुटकी झालीस गं.

आई : झाले नाही, होतेच. त्यांच्या शेजारी कोणाच्या लक्षात यायचं नाही.

भार्गवी : इथे खूण करते. वीतभरच निघतोय. आता पाय ठेव दांड्यावर, घट्ट. करवत चालवते.

आई : हळू. घाई नाही कसली.

भार्गवी : …झालं.

आई : तो तुकडा दे इकडे.

भार्गवी : बंबात घालू नकोस.

आई : बंबात कशाला? पाचर निघेल त्यातून. सुकं लाकूड आहे, चांगलं धरेल.

भार्गवी : मी लोखंडी आणलीय.

आई : ती असू दे डब्यात. ही तासून दे मला. आणखी बारीक. हं. आता दांडा पात्यात घाल, वरच्या चिरेत ही लाव आणि ठोक.

भार्गवी : बसली?

आई : अजून थोडी. …बसली. दे.

भार्गवी : आई, आत्ता लगेच?

आई : मग कधी? तू परवा जाशील. अशी जवळ नको उभी राहूस. त्या भिंतीपाशी जा, तिथून दिसेल तुला.