समजून द्या

टाळ जरा थांबवा रे! आणि मागची मंडळी, पुढे सरका. तो मंडपाचा खांब काही तुमच्या पाठीवर उभा नाही!

एक सवाल टाकतो. ज्यानं जन्मात कुणाचा पैसा बुडवला नाही, ज्याच्या मनात खोट नाही, त्याच्या हातून दुसऱ्याचं पोट मारलं जाईल का? "नाही" म्हणता? फार पटकन म्हणालात! मग ऐका.

मिरजेत मधुकरराव चिवटे नावाचे गृहस्थ. वजनमापं तपासणारे इन्स्पेक्टर, आता निवृत्त. ते बाजारात दिसले की दुकानदार तराजू पुसायला लागायचे — असा दरारा! एक दिवस त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी निखळली. दार लोंबायला लागलं. पत्नी कुसुमताईंनी इराप्पाला बोलावलं. हा इराप्पा म्हणजे सुतार म्हणा, नळवाला म्हणा, वायरमन म्हणा — एका पिशवीत सगळे!

दहाला आला. येताच म्हणाला, "वैनी, बाराच्या आत मला नदीवेशीला पोचायचंय. एका मास्तरांच्या घराची कौलं उतरवायची हायत. आठ दिवसांचं काम! बाराला आला नाहीस तर दुसरा लावतो, म्हणालेत."

"अरे, इथं दहा मिनिटांचं तर काम!"

दार झालं. मग? तुमच्या-माझ्या घरी होतं तेच! "इराप्पा, हातासरशी नळ बघ रे, ठिबकतोय." नळ झाला. "हातासरशी पंखा बघ, खडखडतोय." मंडळी, हे 'हातासरशी' कुठल्या शास्त्रात लिहिलंय? हात त्याचा आणि सरशी आपली!

अकरा वाजले. मधुकररावांनी विचारलं, "बोल, किती देऊ?"

इराप्पानं पायाकडं बघितलं. "समजून द्या, साहेब."

झालं! जन्मभर दुसऱ्यांची वजनं तपासली, आता स्वतःच्या हातात तराजू आला आणि काटा कुठं थांबेना! कमी दिले तर पाप. जास्त दिले तर गल्ली हसेल. चपला घातल्या, म्हणाले, "बस दोन मिनिटं. आलोच."

समोरचे म्हणाले, "दोनशे. एक रुपया जास्त नको, भाव चढतात!" किराणावाला म्हणाला, "पाचशे द्या, परत येईल." पुण्याच्या मेहुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "आमच्याकडं हजाराखाली कुणी पायरी चढत नाही." आणि कोपऱ्यावरचे आजोबा? "चहा पाज, जुना सदरा दे!" चिवटे या दारातून त्या दारात. घामाघूम! न्याय शोधतायत!

इकडं इराप्पा पायरीवर. उठतोय, बसतोय. कुसुमताईंचा एक डोळा घड्याळावर. "तू जा रे बाबा! पैसे संध्याकाळी ने."

"वैनी, न घेता उठलो तर साहेब म्हणतील, रुसून गेला. आणि गेलो तर संध्याकाळी त्याच कामाचे निम्मे होतात. बघितलंय मी."

"मीच दिले असते रे, पण कपाटाची किल्ली यांच्या खिशात!"

सव्वाबाराला इराप्पाचा फोन वाजला. तो नुसतं "हां… हां जी" म्हणाला. फोन खिशात ठेवला आणि मग उठायची घाईच केली नाही.

साडेबाराला चिवटे आले. चेहरा कसा? लढाई जिंकल्यासारखा! "इराप्पा, चारशे पंचवीस! चौघांना विचारलं, सदऱ्याचं शून्य धरलं, बेरीज केली, भागाकार केला. न्यायाचे पैसे!"

कुसुमताई कडाडल्या, "ठेवा तुमचा भागाकार! त्याचं आठ दिवसांचं काम गेलं!"

चिवट्यांनी घड्याळाकडं बघितलं. "अरे, मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही थांब म्हणालात, साहेब."

"आणि भाव? भाव तरी सांगायचास!"

"आधी सांगायचो की. आकडा सांगितला की लोकांचं तोंड बदलतं. 'बघून कळवतो' म्हणतात. परत बोलावत नाहीत. मग समजून द्या म्हणायला शिकलो."

"आज सांग. तूच सांग."

इराप्पा म्हणाला, "दार, नळ, पंखा — तीनशे." बघा! भागाकारापेक्षा कमी! पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली. "आणि… बसवून ठेवल्याचे पाचशे. मास्तरांकडचा एक दिवस. बाकीचे सात मी मागत नाही."

चिवट्यांच्या ओठावर आलं होतं, 'जास्त होतात.' सवयीनं आलं होतं! गिळलं. तोंडाची एक रेघ हलू दिली नाही, आणि आठशे त्याच्या हातावर ठेवले. मग पायात चपला घातल्या. "चल, मास्तरांकडं मी येतो. चूक माझी होती, हे माझ्या तोंडानं सांगतो."

काम परत मिळालं का? नाही! दुसरा माणूस कौलांवर चढला होता. त्याला काय खाली ओढायचं?

मंडळी, 'समजून द्या' हा मोठेपणा नाही, ती भीती आहे. आपल्या तोंडाची भीती! आपल्याला वाटतं, आपण उदार. अहो, समजतं काय आपल्याला? विचारा. काम सांगायच्या आधी विचारा. आणि आकडा ऐकल्यावर कपाळाला आठी घालू नका!

हा मंडप आज दुपारी कुणी बांधला? तो बघा, खांबाला टेकून उभा आहे. काय रे, किती ठरले? … काय म्हणालास? "कमिटी समजून देईल"?

अध्यक्ष, माझ्याकडं काय बघताय? त्याच्याकडं बघा. विचारा त्याला. आरती थांबते, आम्ही बसलोय.