लॉक फाइल आणि भाऊजींचा तपास

...आणि वर तो कॉम्प्युटर म्हणतो, मला जुनंच पाहिजे. आता तुम्हीच सांगा, माणूस परवा नवा कॉम्प्युटर घेतो, खोकं अजून माळ्यावर टाकलेलं नाही, आणि त्याला म्हणायचं सात वर्षांपूर्वीचं आणा. आमचे भाऊजी म्हणाले, "कुठेतरी पाणी मुरतंय."

तुम्हाला सांगतो, भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. उभा जन्म परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक म्हणून गेला. कोणी नाक खाजवलं तरी हे त्याची बाही तपासणार. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, नजर काही निवृत्त झाली नाही. दूधवाला हसला की यांनी दूध मोजलंच.

तर झालं काय, ताईचा दवाखाना. अर्धांगवायूनंतर ज्यांची वाचा जाते त्यांना ती पुन्हा बोलायला शिकवते. दवाखाना होता तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून तिने त्याच इमारतीत तळमजल्यावर खोली घेतली. पण वेबसाइटवर पत्ता जुनाच. एक आजोबा, उजवा पाय ओढत, काठी टेकत, पाऊण तासात तीन मजले चढले आणि वर कुलूप. खाली आरडाओरडा करून विचारावं तर वाचाच गेलेली. जिन्यातच बसून राहिले बिचारे. ताईने ते घरी सांगितलं आणि भाऊजी ताटावरून उठले, म्हणाले, पत्ता मी बदलतो.

आता ही वेबसाइट केली होती त्यांच्या लेकीने, म्हणजे माझ्या भाचीने. सात वर्षांपूर्वी. तिला एक फोन केला असता की काम झालं असतं. पण फोन कसा करणार? दीड वर्षापूर्वी यांनी तिच्या ऑफिसात फोन करून आवाज बदलून विचारलं होतं, अमुक बाई तुमच्याकडे खरंच नोकरीला आहेत का. आणि फोन उचलणारी नेमकी तिचीच मैत्रीण. तेव्हापासून लेक आईशी रोज बोलते आणि बापाशी अक्षर नाही.

म्हणून हे स्वतः बसले. भाचीने टिपण लिहून ठेवलं होतं, पत्ता या फाइलमध्ये बदला, मग ही आज्ञा द्या, म्हणजे वेबसाइट आधी तुमच्या कॉम्प्युटरवर तयार होऊन दिसेल. पत्ता दोन मिनिटांत बदलला. आज्ञा दिली. आणि पडद्यावर लाल अक्षरं, अशी की जणू कोणी अख्ख्या वर्गाला शून्य मार्क दिलेत.

कारण कसंय, ती वेबसाइट एकटी उभीच राहत नाही, तिला शेकडो छोटी पॅकेजं, म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आधीच लिहून ठेवलेले तयार प्रोग्राम, लागतात, त्या पॅकेजांना आणखी पॅकेजं लागतात, आणि सगळी सात वर्षांपूर्वीची. एकाची एरर आली, 'याची देखभाल आता कोणी करत नाही.' भाऊजी मला विचारतात, "का करत नाही? गेला कुठे तो?" मी म्हटलं, कंटाळला असेल. "असा कसा कंटाळेल? कुठेतरी पाणी मुरतंय."

मग त्यांनी जुनी वही काढली. पॅकेजांची नावं लिहिली, पुढे हजेरी क्रमांक. दोघांची एरर शब्दशः सारखी निघाली, त्यावर लाल पेन्सिलीने लिहिलं, कॉपी. एक पॅकेज म्हणे मला तिसऱ्याची चौथी आवृत्ती हवी, शेजारचं म्हणे मला सहावी, आणि ज्याच्यावरून भांडण ते तिसरं पॅकेज गप्प. गप्प बसणाऱ्यावर तर भाऊजींचा पहिल्यापासून डोळा.

चार दिवस हे चाललं, तुम्हाला सांगतो. ताई जेवायला बोलवायची, हे म्हणायचे, आलो, एक धागा सापडलाय. आणि चौथ्या दिवशी दुपारी त्यांना सापडली ती फाइल. तेवीस हजार ओळी. नावातच लॉक. आता कुलूप दिसल्यावर हा माणूस थांबतोय? इतकं कुलूपबंद काय ठेवलंय, कोणी ठेवलंय... दिली उडवून. कायमची.

मग पुन्हा आज्ञा दिली, तर आधी चाळीस एरर होत्या त्या झाल्या दोनशे सहा.

मी समोरच होतो. भाऊजींनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, मग फोन उचलला आणि नंबर न बघता लावला. नंबर पाठ होता, बघा.

"पत्ता बदलायचा होता," हे म्हणाले. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

पलीकडून भाची म्हणाली, "बाबा, लॉक फाइल आहे ना जागेवर?"

"ती मी काढून टाकली."

"का?"

"कुलूप होतं. म्हटलं, काय लपवलंय बघू."

"बाबा, त्यात लपवलेलं काही नसतं. कोणाचं कोणाशी जमत होतं, त्याची नोंद असते."

भाऊजींनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "तुझ्या ऑफिसात त्यांनी सांगितलं होतं, आहे म्हणून."

"मग विश्वास बसला?"

"तेव्हा नाही बसला," भाऊजी म्हणाले. "चुकलं माझं."

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. काही कामासाठी नाही, उगाच.

भाचीकडे त्या फाइलची प्रत होती, ती तिने पाठवली. ज्याच्यावर हा सगळा डोलारा चालतो ते मूळ इंजिनही जुनं लावायला सांगितलं. वीस मिनिटांत वेबसाइट पडद्यावर. तळमजला, डावीकडचं दार. तिने ती जगासाठी चढवली, आणि भाऊजींनी माझ्या फोनवर, ताईच्या फोनवर, शेजाऱ्यांच्या फोनवर पत्ता तपासून घेतला. रविवारी भाची आली ती चार दिवस राहिली.

महिन्याभराने मी दवाखान्यात गेलो, तर जिन्याच्या पायथ्याशी हा एवढा मोठा कागद चिकटवलेला. 'दवाखाना इथे खाली. वर चढू नका.' ताईचं अक्षर, आणि तिच्या सवयीप्रमाणे खाली तारीख. ते आजोबा चढले त्याच दिवसाची.

म्हटलं, ताई, म्हणजे नंतर कोणी चढलंच नाही? आणि तू तर लेकीशी रोज बोलतेस, तिला सांगायचंस ना बदलायला.

"तिने दुसऱ्याच दिवशी विचारलं होतं, करून देऊ का," ताई म्हणाली. "मीच म्हटलं, हात लावू नकोस. त्यांना करू दे फोन."

म्हणजे बघा, जन्मभर साऱ्या जगावर संशय घेतलेल्या माणसाच्या घरात एकदाच खरा कट शिजला, आणि त्यालाच तो दिसला नाही. आता हे मी भाऊजींना सांगू? सांगितलं तर म्हणणार, तूही त्यांना सामील होतास. नव्हतो हो, शपथेवर सांगतो... पण ताईने सांगितल्यापासून महिनाभर गप्प बसलोय, म्हणजे आता झालोच की.