व्याहीबुवा आऊट!

...आणि वर मलाच विचारतात, "तुम्हाला कुणी सांगितली होती हो ही सॉफ्टबॉलची लीग काढायला?" कोण सांगणार? हौस! म्हटलं पन्नाशीची माणसं, पोटं सुटलीत, शनिवारी जरा पळतील... पळतात कसले! आजवर एक सामना पुरा झाला असेल तर शपथ! कधी बेकरीवाल्याची कंबर धरते, तर कधी विमावाला बेसवर उभा राहून फोनवर, "हो गं, दूध आणतो... अगं हो, विसरत नाही!" आणि चेंडू याच्या डोक्यावरून बोंबलत जातोय!

मैदान शाळेचं. मुख्याध्यापिका म्हणजे आमच्या हिची थोरली बहीण. तिनं बोलावलं, खुर्चीसुद्धा दिली नाही, म्हणाली, "भावोजी, या शनिवारी एक सामना शेवटपर्यंत खेळून निकाल लावून दाखवा. नाहीतर मैदानाला कुलूप!" तुम्हाला सांगतो, मी गार!

झालं. शनिवारी पंच म्हणून मीच उभा. देवाची कृपा, कुणाची कंबर नाही, कुणाची बायको नाही, सामना चक्क शेवटच्या गड्यापर्यंत आला! एका रनानं मागे असलेला संघ, शेवटची बॅटिंग, मेहुणीबाई खिडकीत उभ्या... आणि बॅट फिरवत कोण येतंय? आमचे व्याही! लेकीचे सासरे! अहो, पोरीच्या लग्नाचे फोटो अजून यायचेत!

पहिल्याच चेंडूला असा सणसणीत हाणला की मीच "वा!" म्हणालो. आता सॉफ्टबॉलमध्ये काय करायचं? बॅट टाकायची आणि एकेक बेस घेत गोल फिरून घरी यायचं. कितीदा सांगितलं! फळ्यावर काढून दाखवलं! पण जन्म गेला क्रिकेटमध्ये... व्याही बॅट घेऊनच पळाले, पहिल्या बेसवर बॅट टेकवली, गर्रकन वळले आणि आले की हो परत! "दोन रन!" बॅट उंचावून ओरडतायत! आणि त्यांचा अख्खा संघ नाचतोय, "जिंकलो, जिंकलो!" एकालाही काही चुकल्यासारखं वाटेना! मी गार!

एवढ्यात समोरच्या संघातले दातांचे डॉक्टर चेंडू घेऊन आले आणि हलकेच व्याह्यांच्या पोटाला लावला. व्याही म्हणतात, "डॉक्टर, गुदगुल्या काय करताय?"

"बेस सोडलाय, चेंडू लागलाय. पंच, बोला!"

काय बोलू? आऊट म्हणावं तर पोरीचं सासर, नाही म्हणावं तर भांडण, सामना अर्धवट आणि मैदानाला कुलूप! इकडे आड, तिकडे विहीर, आणि खिडकीत मेहुणी! डोळे मिटले आणि म्हटलं, "व्याहीबुवा... माफ करा... आऊट!"

मला वाटलं, आता दळभद्र्या, कपाळकरंटा, काय काय ऐकावं लागणार! तर व्याह्यांनी बॅट खाली ठेवली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "नियम म्हणजे नियम!" हसले सुद्धा हो! तुम्हाला सांगतो, मी गार! मेहुणीबाईंनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या. मैदान वाचलं! मी घरी येऊन कधी नव्हे तो दुपारी ढाराढूर झोपलो.

संध्याकाळी लेकीचा फोन. "बाबा, आमचे इकडचे बाबा फार खूश आहेत! म्हणतायत, पुढच्या शनिवारी पंच ते होणार, तुम्ही बॅटिंग करायची."

"अगं, मग बरंच झालं की!"

"हो, पण बाबा... आल्यापासून ते आरशापुढं उभे आहेत. बोट वर करतात आणि नुसते 'आऊट! आऊट!' म्हणतायत."

चला... मैदान राहिलं, पोरगी सुखात आहे. तेवढा मी आऊट.