पुसलेली बाटली

—कोट खांद्यात जरा धरतोय, मास्तर, पण ते नंतर. आधी तुमच्या प्रश्नाचं बघू. तुमचं काय चुकलं, असंच विचारलंत ना? अहो, तोंडात टाचण्या असताना बोलू नका, एखादी गिळाल. मी सांगतो. काल खटला हरलं ते सरकार, तुम्ही नाही — तुम्ही नुसते साक्षीदार. पण हरलं कुणामुळे म्हणाल, तर तुमच्यामुळे. खोटं कशाला बोलू?

आता बघा. तुमच्या शेजारच्या तेलवाल्याकडे इन्स्पेक्टर नमुना घ्यायला आला. पंच म्हणून उभं राहायला गल्लीत कुणी तयार होईना, तुम्ही राहिलात. घरात वहिनी अंथरुणाला खिळलेल्या, पाय सुजून हे एवढे, तरी हातातलं शिवण टाकून गेलात — ज्याची बायको तेच तेल खाऊन आजारी त्यालाच पंच केलं, हाही मुद्दा होता माझ्याकडे, पण तो काढावाच लागला नाही. का? तर तुम्ही पिंजऱ्यात उभे राहिलात इस्त्रीचा शर्ट घालून, आणि मी अगदी गोडीत विचारलं, मास्तर, नमुन्याच्या बाटल्या कोरड्या होत्या? इथे नुसतं हो म्हणायचं होतं. इन्स्पेक्टर तेच पढून आला होता. पण तुम्ही पडलात टापटिपीचे. म्हणालात, एकीत थेंब दिसला म्हणून मीच माझ्या हाताने पुसून दिली, साहेब — आणि काय अभिमानाने सांगितलंत. कशाने पुसली? फडक्याने. कुठल्या? मशीनवरच्या, पण धुतलेल्या. मशीनला काय घालता, मास्तर? तेल. सरकारी वकिलाने तिथेच कपाळावर हात मारून घेतला. तेलाच्या नमुन्यात तेलाचं फडकं. मला आणखी काय हवं होतं?

हळू, टोचली. — छे, फडक्याने एवढी भेसळ होते का कधी? निम्मं तेल जंगली बियांचं निघालं होतं अहवालात. तुमचं फडकं काय, अख्खं मशीन पिळलं तरी तेवढं निघायचं नाही. ते मलाही ठाऊक, न्यायाधीशांनाही ठाऊक. पण बाटली इन्स्पेक्टरने कोरडी करायची असते, शिंप्याने नाही. संशयाचा फायदा आरोपीला. संपलं. वहिनींना सांगितलंत का, की तुमच्या फडक्याने तो सुटला? नका सांगू. माझं ऐका. जन्मभर ऐकवतील — त्यांना आता उठून जायचं तरी कुठे आहे?

हसा की जरा. मी काही दगड नाही, मास्तर. मलाही बायकामुलं आहेत, मलाही धास्ती असते. आमच्या घरी तर त्या दुकानाचं नेहमीचं तेल बंद करून तीन वर्षं झाली. तेलवाल्यानेच सांगितलं ना — साहेब, तुम्ही आपले, तुम्ही हे नेऊ नका, तुम्हाला मी वेगळ्या डब्यातलं—

हात का थांबला? हिशेब करताय? वहिनींचे पाय सुजायला लागून दोन वर्षं झाली, आमचं तेल बंद होऊन तीन. असेल. रोज तुमच्या दुकानावरून जायचो, तेही खरं. एकदा तुम्ही त्याच्याकडून तेलाची बाटली भरून घरी चालला होतात, मला नमस्कार केलात, मी केला. मग काय, रस्त्यात धरून सांगायचं होतं? अशील विश्वासाने बोलतो वकिलाशी. तुम्हाला विचारलं होतं का कुणी, बाटली पुसा म्हणून? नाही ना? मग मलाही कुणी विचारलं नव्हतं.

नको. टाचण्या काढू नका तोंडातून. तुम्हाला जे बोलायचं होतं ते कोर्टात बोलून झालंय. डावी बाही राहिलीय. कोट सोमवारी सकाळी हवा मला, तेलवाल्याच्याच दुसऱ्या दुकानाची तारीख आहे. घ्या, धरलाय हात सरळ.