रोवण्याचं चित्र

पवनीच्या स्टँडवर यष्टीची वाट पाहत उभ्या असलेल्या बाबूलालच्या कानावर समोरच्या बाकावरच्या नवराबायकोचं बोलणं आयतंच पडत होतं. नवरा नुकताच नागपूरहून पोराला भेटून उतरला होता.

"भेटला का जी माहा नत्थू? गावात म्हणतेत, पोरानं कालेज सोडलं अन् ट्रका रंगवून राहिला."

"रंगवते ना. सकाळी ट्रकाच्या मागं मोर काढते, त्याच्यातूनच त्याचे खानावळीचे पैसे निघतेत. दुपारी चित्राच्या कालेजात जाते."

"म्हंजे सोडलं नाही?"

"नाही वो! तेथं भिंतीवर त्याचं चित्र टांगलं हाये. तूच हायेस त्यात, धानाचा रोवणा लावून राहिली."

"अवो माय! पाहणारे काय म्हणत?"

"एक बाई म्हणे, ही वाकून पाण्यात काय शोधून राहिली?"

"धान लावताना कोणाले पाह्यलं नसन तिनं. तोंड तरी बरं काढलं का माहं?"

"तोंड नाहीच. नुसती पाठ."

"पाठच काहून?"

"म्याही तेच पुसलं. म्हणे, बाबा, शेताच्या धुऱ्यावर बसून लहानपणी मले मायची पाठच दिसे."

बाईनं हात मागं नेला आणि पाठीवरचा पदर नीट सारखा केला.